दुसऱ्या काडतुसाची काळजी

ऊम बारेंडची, म्हणजे बारेंडकाकाची, रायफल कित्येक वर्षं तयार होत होती. नळी पलंगाखाली होती, अक्रोडाचा दस्ता बैठकीतल्या कपाटावर. त्या दस्त्यावर त्याची बायको, टॅनी ड्रिना म्हणजे ड्रिनाकाकू, भांडी पुसायची फडकी वाळत घाली. अडलं होतं ते मधल्या भागापाशी. ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि काडतूस नळीत जातं, ती ॲक्शन काही ठरत नव्हती. बायको त्याने एका संध्याकाळच्या नाचात पसंत केली होती, पण ॲक्शन अशी घाईने ठरवायची गोष्ट नव्हे.

लिम्पोपोच्या त्या झुडपी मुलखात रविवारी चर्च सुटलं की कॉफीत टोस्टासारखं कडक बेस्कैट बुडवता बुडवता हाच विषय निघे. रानरेड्याला मोठं काडतूस हवं आणि मोठ्या काडतुसाला लांब ॲक्शन. आखूड घेतली तर कानस मारून जागा करावी लागते, आणि नेमका जिथे जोर यायचा तिथलंच पोलाद जातं. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण त्यापुढे पेटे. जुन्या जर्मन धाटणीचा बोल्ट काडतूस वर येताच नखीत पकडतो आणि सोडत नाही. नव्या धाटणीचा त्याला नुसता ढकलतो.

"धरलं काय, ढकललं काय, जातं नळीतच ना?" मेव्हणा फ्लिप म्हणायचा.

"पहिलं जाईल रे. रेडा जखमी होऊन अंगावर आला की दुसरं जातं का, ते बोल," बारेंड म्हणायचा.

"तू आधी पहिलं तर झाड."

या फ्लिपच्या रानात एक म्हातारा रेडा होता. जन्मात एक तरी रेडा मारायचा, ही बारेंडची जुनी हौस. यंदा फ्लिपने तो त्याला देऊ केला, पण बजावलंही. "हा हिवाळा शेवटचा. तुझी ॲक्शन ठरेपर्यंत थांबून रेडा म्हातारपणानेच मरायला आलाय. तुमच्या घरून कोणी आलं नाही, तर दुसऱ्याला देईन."

बारेंड हादरला. बंदूकवाल्याकडून त्याने दोन्ही धाटणीच्या रायफली पारखायला आणल्या, सोबत बारूद नसलेली खोटी काडतुसं. तिकडची रीत अशी, की रायफल उलटी धरायची, बोल्ट चालवायचा आणि काडतूस पडतं का ते बघायचं. बारेंडने तसं केलं, पण त्याचं समाधान होईना. रेडा काय एकट्या रायफलीलाच उलटी करणार? माणसासकट करणार. मग माणसासकटच बघायला हवं.

परसातल्या मारुलाच्या फांदीत गुडघे अडकवून तो खाली डोकं, वर पाय असा लटकला. नखीवालीचं काडतूस सुळकन नळीत गेलं. दुसरीचं निम्म्यात सुटलं आणि थेट त्याच्या दातांवर आपटलं. बारेंडला इतका आनंद झाला, की आपल्याला वर उठता येत नाही हे जरा उशिरा लक्षात आलं. पोट छातीवर येऊन बसलं होतं.

टॅनी ड्रिना कपडे वाळत घालायला बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"ॲक्शन ठरली."

"मग ये खाली."

"ते कसं, हे नाही ठरलं."

ती शिडी आणायला वळली आणि फांदी मोडली.

पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टरने विचारलं, "कशाने झालं?" बारेंड म्हणाला, "रेड्याने." त्याच्या मते ते खोटं नव्हतं. घरी आल्यावर मात्र त्याला रडू आलं. सगळा हिवाळा पलंगावर जाणार होता.

"तोंड पूस," ड्रिना म्हणाली. "घरून कोणी यायला हवं ना? मी जाते."

तिने कपाटातून आपल्या बापाची जुनी रायफल काढली.

"अगं, ती ढकलणारी आहे," बारेंड म्हणाला, पण ती गेलीसुद्धा.

त्या दिवशी बारेंडला रेडा नको होता, रायफल नको होती. ड्रिना धड घरी यावी एवढंच हवं होतं. ती काडतुसं ढकलतेय, ती पडताहेत आणि रेडा येतोय, हेच त्याला दिवसभर दिसत राहिलं.

संध्याकाळी ती आली. पातेल्यात रेड्याचं काळीज होतं. बारेंडने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्याला राहवेना.

"दुसरं काडतूस नीट गेलं?"

ड्रिनाने हात धुतले, दस्त्यावरचं फडकं ओढून पुसले आणि विचारलं, "कुठलं दुसरं?"