बिअरचा जॅम आणि केनवडचे स्थळ

अकोल्याहून मोटार सुटली तेव्हा माझ्या मांडीवर जॅमची बरणी होती आणि डोक्यात पुतणीचे लग्न. भाऊ गेल्यापासून सुमतीला मीच वाढवले. केनवडच्या संपतरावांनी तिला आपल्या मुलासाठी नाशकात पाहिली होती, पसंतही केली होती. शेवटचा शब्द घ्यायला मी वऱ्हाडात आलो होतो.

जॅम माझ्या हातचा. देवळालीच्या छावणीत मी कोठीवर कारकून. तिथल्या खानसाम्याने शिकवला. आधी बिअर उकळायची, फेस बसेपर्यंत. मग पेरूचा गाळलेला गर नि साखर घालून ढवळत राहायचे, पळीवरून जाड पडेपर्यंत. चव गोड, मागून किंचित कडवट. साहेब पावाला लावतात, आम्ही पोळीला. चुलीवर अंमल उडून जातो असे खानसामा सांगे, आणि ते मानणे मला सोयीचे होते.

पातूर गेले, मेडशी गेली. मोटार दोनदा तापली, दोन्ही वेळा आम्ही उतरून बाभळीखाली बसलो. मालेगावला संपतरावांनी पाठवलेली दमणी (बसायची हलकी बैलगाडी) उभी होती. रस्त्याच्या दोहो अंगांना कापूस फुटला होता, बायका वेचणीला लागल्या होत्या.

"बरनीत काय हाय जी? पोटाशी धरून राह्यले!" गाडीवान म्हणाला.

"गोड आहे."

"मंग गाडी उलटली त आधी बरनी उचलतो, मंग तुमाले!"

केनवडला संपतराव वेशीपर्यंत आले. "या इवाई (व्याही), या!" अजून काही ठरले नव्हते, पण त्या एका हाकेने मी फुगलो. ज्वारीची भाकर, सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आमटी, मिरचीचा ठेचा. मुलाची आई जानकाबाई समोर बसून आग्रह करीत होत्या. इतके प्रेम मिळाल्यावर माझी जीभ सैल सुटली. बरणी पुढे करून म्हणालो, "आमच्या सुमतीच्या हातचा आहे, बरं का!"

धडधडीत थाप. सुमतीने फक्त बरणी धुतली होती.

बरणी घ्यायला जानकाबाई वाकल्या आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली. माळकरी घर, आणि बरणीत बिअर! म्हटले, ठेवतील फडताळात, तोवर काहीतरी सुचेल. पण या मुलखात सोयऱ्यांचे गोड घरात ठेवीत नाहीत, त्याचा वानोळा (नव्या जिन्नसाचा शेजाऱ्यांना द्यायचा वाटा) निघतो. त्यांच्या धाकट्या जावेने भराभर वाट्या भरल्या. "आमच्या सुनंच्या हातचं हाय!" दारोदार तिचा आवाज ऐकू येत होता आणि मी पान चघळत बसलो होतो. अहो, तेव्हा तरी बोलायचे!

सगळ्यांचे वाटून झाल्यावर जानकाबाईंनी बरणीतले बोटावर घेतले. बोट ओठांशी गेले.

"खाऊ नका!" मी ओरडलोच. "त्यात बिअर आहे. साहेबलोकांची दारू."

त्यांनी बोट झटकले. पहिले वाक्य काय निघाले? "अवो, रहीमभाईच्या घरी गेलं ना ते!" मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "पोरीनं दारू टाकली?"

एक हो म्हटले असते तर मी सुटलो असतो आणि पोरीचे लग्न मोडले असते. "नाही," मी म्हणालो. "तिने हातही लावला नाही. शिजवला मी."

"मंग मघा तिच्या हातचा काहून म्हटलं?"

मी बरणीला झाकण लावू लागलो.

"उठा. आता तुमीच परत आना."

पातेले घेऊन मी त्या आळीत दारोदार फिरलो. प्रत्येक उंबऱ्यावर तेच सांगायचे: "वाटी परत द्या, त्यात दारू आहे." कोणी हसले, कोणी माझ्यासमोरच चूळ भरली. रहीमभाईंच्या बायकोने, हलीमाबीने, झाकलेली वाटी आणून दिली. "मालक बजारातून आले का संगंच खानार होतो. पोरीनं मन लावून बनवलं म्हनून जपून ठेवलं होतं, भाऊ." मेल्याहून मेल्यासारखे झाले. पातेले गावाबाहेर उकिरड्यावर रिकामे केले.

सकाळी दमणी जुंपली. संपतराव बैलांकडे बघत उभे होते. बोलल्या जानकाबाईच.

"पोरगी आमाले पसंत हाय. तिच्यात खोट नाही. पन कन्यादानाले तिच्या मामाले बसवा. तुमी मांडवात या, पोटभर जेवा. पोरगी तुमच्या हातून आमी घेनार नाही. पटत नसंल त आत्ताच सांगा."

"पटते," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

परतीच्या वाटेवर तोच कापूस, त्याच वेचणीच्या बायका. माझे लक्ष कशात नव्हते. बिअरची लाज एव्हाना कमी झाली होती. दारोदार लोक ज्या पोरीचे कौतुक करीत होते तिच्या नावावर मी फुकटची शेखी मिरवली, त्या शेखीची लाज अजून जात नाही. जाऊही नये.

घरी पोचलो तर सुमती दारातच. "काका, जुळलं?"

"जुळलं."

तिने वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाली, "आता कन्यादानाच्या दिवशी तुम्हाला कडक उपास! झेपेल ना? सकाळचा चहासुद्धा नाही हं."

मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.