काकींनी लढाईवर लावलेला कौल

“त्याचा काय चुकला?” असं म्हणत काकी आधीच खलनायकाच्या बाजूला जाऊन बसायच्या. लालबागच्या आमच्या चाळीत त्या शेजारच्या खोलीत राहायच्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. दुपारी जेवणं उरकली की माझ्याकडे फोनवर चिनी मालिका बघायला यायच्या. बघायला म्हणजे ऐकायला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. खालची हिंदी अक्षरं मी मोठ्याने वाचायची.

मालिकेत पांढऱ्या झग्यातला एक देवपुरुष, काळ्या झग्यातला असुरांचा राजा, आणि दोघांच्या मधे एक बाई. मी पांढऱ्याची. त्याचे लांब केस वाऱ्यावर उडाले की विरघळायची. विसाव्या वर्षी नवराही मी केसांवरच पसंत केला होता. केस पाच वर्षांत गेले, नवरा चाळीस वर्षं राहिला. तरी अक्कल आली नाही, तुम्हीच बघा. काकींचं म्हणणं, काळा निदान तिला जेवलीस का म्हणून विचारतो तरी. बाईचाही जीव हळूहळू काळ्याकडेच झुकला होता.

ऑपरेशनला मात्र काकी घाबरायच्या. दोनदा इस्पितळाच्या दारातून परत आल्या. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर नजर जाईल. मुलगा विनवून थकला.

गावी देवाच्या मूर्तीला उजवीकडे-डावीकडे फुलांचे कळे चिकटवतात, कौल मागायला. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. काकींनी तसा कौल त्या दोघांच्या लढाईवर लावला.

“काळो जगलो तर डोळे करतंय. मेलो तर नाय.”

म्हटलं, काकी, देवाला विचारा की. तर म्हणाल्या, देव गावाक ऱ्हवता, हो हंय असा.

लढाई जुंपली. बोटांतून निळी वीज निघाली, डोंगर चिरले. माझा पांढरा जिंकत होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. शेवटी काळा कोसळला आणि राख होऊन उडून गेला. बाईने हंबरडा फोडला.

“कोण मेलो?”

“पांढरा.”

“मग ती रडता कित्याक?”

“आनंदानं, काकी.”

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशन केलं. पट्टी निघाल्यावर थेट माझ्याकडे आल्या, ती लढाई लाव म्हणाल्या. फोन सापडत नाही, असं मी फोन हातात धरूनच सांगितलं. त्यांनी तो काढून घेऊन लाव म्हणून माझ्यासमोर धरला. मग सगळी लढाई पाहिली, काळ्याची राख होईपर्यंत. मी मान खाली घातलेली. त्यांनी हनुवटीला धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला.

“अगो, तू कधी म्हातारी झालंस?”

काकी जाऊन आता वर्ष झालं. माझी हनुवटी धरेल एवढं मोठं चाळीत कोणी उरलेलं नाही.