खोडलेले एकोणीस सेकंद

अण्णांना चुकीचा सल्ला मी दिला. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

माधवनगरला मिल बंद पडेपर्यंत माग चालवलेले अण्णा साठीनंतर सांगलीत मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बसले. रविवारच्या वर्गात पिकल्या केसांचे आम्ही दोघेच, म्हणून एका बाकावर आलो. मी मूळचा कोरेगावचा. कचेरीत माणसांवर फार चिडतो, ते का, हे समजून घ्यायला आलो होतो. अण्णांनी कारण सांगितलं नाही. "डोकं कसं चालतंय बघू की," एवढंच.

एका प्रात्यक्षिकात मी शब्द उच्चारायचा, अण्णांनी मनात पहिलं येईल ते म्हणायचं, आणि मी वेळ मोजायची. 'सूत' म्हटलं की लगेच मागावरचा 'धोटा'. 'ऊस' म्हटलं की 'कारखाना'. मग 'मुलगा' म्हटलं... अण्णा खिडकीकडे बघत राहिले.

"अण्णा, लय येळ लावताय. आलेख बिघडतोय माझा."

"पाणी दे जरा," ते म्हणाले.

एकोणीस सेकंद झाले होते. पेन्सिलीने लिहिलेला तो आकडा मी खोडला, वर पेनाने दोन लिहिला, आणि उत्तराच्या जागी 'घर'. बाकीच्या आकड्यांत ते शोभत होतं.

त्याच संध्याकाळी एसटी स्टँडवर चहा पिताना अण्णा बोलले. मुलगा महावीर पुण्याला. त्याने मनाने लग्न केलं, अण्णा गेले नाहीत, तेव्हापासून बोलणं बंद. "शिंदे, मीच जाऊन येऊ का रं? पुस्तक काय म्हणतंय?" बक्षीस मिळालं की वागणं पक्कं होतं, हा धडा मी नुकताच पाठ केला होता. "तुमी गेला तर त्याच्या रुसव्याला बक्षीस मिळतंय, अण्णा. थांबा. त्यालाच येऊ द्या." परीक्षेत या उत्तराला गुण मिळाले असते. आयुष्यभर मागाचा आवाज ऐकून त्यातला बिघाड ओळखणारा तो माणूस, पण छापलेल्या अक्षरापुढे मान तुकवायचा. थांबला. दर रविवारी मी विचारायचो, फोन आला का. "न्हाई. थांबलोय की," म्हणायचे, दिलेला गृहपाठ केल्यासारखे.

मग एका सकाळी अण्णांच्या घरून काकूंचा फोन आला. अण्णा बस्तीतून, जैन देवळातून, दर्शन घेऊन आले, खुर्चीत टेकले, आणि तिथेच...

महावीर आला. दारातल्या माणसांसमोर म्हणाला, "अण्णांनी एकदा तरी आठवण काढायची." मी चार हातांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही. बचाव, नकार, पुस्तकातल्या या सगळ्यांच्या व्याख्या मला येत होत्या.

परवाच्या रविवारी वर्गाला न जाता प्रात्यक्षिकाची वही घेऊन माधवनगरला गेलो. महावीर अण्णांच्या खुर्चीशेजारी त्यांची पुस्तकं बांधत होता. मी ते पान उजेडाकडे धरलं. पेनाच्या दोनखाली पेन्सिलीचा एकोणीस अजून दिसतो.

"मी 'मुलगा' म्हटलं, तवा ते एवढा वेळ गप्प होते," मी म्हणालो. "ते तुमच्याकडं यायचं म्हणत होते, महावीर. मी थांबवलं. चूक माझी हाय. मला माफ करा."