क्लचमधली हवा

आईला घेऊन घाट चढण्याआधी चहाला थांबले, तेव्हा शेजारच्या बाकावरचा माणूस उठून माझ्या गाडीखाली वाकला. गिअरबॉक्सखालचं ओलं त्याने बोटाला लावून पाहिलं.

"ताई, क्लचचं ऑइल गळतंय. पेडल मऊ लागतं का?"

दोन दिवस लागत होतं. मी दुर्लक्ष केलं होतं.

समोरच त्याचं गॅरेज होतं. त्याने सील बदललं, नवं ऑइल भरलं आणि नळीतली हवा काढायला मला पेडल दाबायला बसवलं. "दाबा. धरून ठेवा. आता सोडा." बुडबुडे थांबेपर्यंत हे चाललं.

आपण सुखरूप पोचतो, त्यात अशा किती अनोळखी नजरांचा वाटा असतो, कुणास ठाऊक.

वळणावर क्लच घट्ट लागला. आईने विचारलं, "त्याचं नाव काय गं?"

मी विचारलंच नव्हतं.