वाकते म्हणून नापास

“मॅडम, ही काठी वाकतेय,” सबनीससर म्हणाले. शोध लागल्यासारखा चेहरा होता.

“हो सर. वाकण्यासाठीच केलीय.”

“मग रिजेक्ट करा.”

जळगावच्या एमआयडीसीत आमचा फायबरग्लासचा कारखाना आहे. टाक्या, शिड्या, अवजारांचे दांडे असा माल निघतो. मागच्या शेडमध्ये गळाच्या काठ्या बनतात. त्या सगळ्या परदेशी जातात. मी तिथली क्वालिटी इन्चार्ज. सबनीससर नवे जनरल मॅनेजर. पुण्याहून येताना त्यांनी लॅपटॉप, प्रेझेंटेशन आणि कार्बन फायबरची एक सॅम्पल काठी आणली होती. मासे धरायचा अनुभव तेवढा घाईत घरी राहिला असावा.

आमच्या काठ्या फ्लाय फिशिंगच्या. यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला वजन असं नसतंच. वजन असतं जाड दोरीला. काठी मागे नेली की वाकते, पुढे आणून थांबवली की सरळ होते, आणि दोरी किड्याला घेऊन सुटते. म्हणजे वाकणं हेच तिचं काम. कार्बनची काठी हलकी आणि ताठ, दोरी लांब फेकते. काचेच्या धाग्याची जराशी जड, संथ, पार मुठीपर्यंत वाकणारी. कार्बन येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी काही माणसं हट्टाने काचेचीच मागतात. का मागतात, हे तेव्हा मलाही धड ठाऊक नव्हतं. मी फक्त वाक मोजायचे.

मोजणी सोपी असते. मूठ शिकंज्यात पकडायची, टोकाला ठरलेलं वजन लावायचं, टोक किती खाली आलं ते बघायचं. त्याची मर्यादा खरेदीदाराने मंजूर केलेल्या सॅम्पलवरून ठरायची; सरांनी ती बदलली. नवा आकडा कार्बनच्या कॅटलॉगमधून उचलला होता. भाकरीला पापडाची परीक्षा लावावी तसा प्रकार. अख्खा लॉट नापास झाला.

“सर, हे स्पेसिफिकेशन कार्बनचं आहे.”

“स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्ड. ग्लास संपलं, मॅडम. रिपोर्टवर सही करा. सेक्शन बंद करू, बायका टाक्या घासायला जातील.”

अप्रेझल तोंडावर होतं. मी सही केली. हे लिहायला आजही बरं वाटत नाही, पण केली.

त्या बायका म्हणजे तिघीजणी, आणि त्यांची प्रमुख लीलाअक्का. राळ लावलेलं काचेचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. उरते ती पोकळ काठी. गुंडाळताना कुठे किती दाब द्यायचा, हे अक्काच्या तळहाताला कळतं. एकोणीस वर्षं ती हेच करतेय. तिच्यासमोर मी काठ्यांवर लाल स्टिकर लावत होते.

“ताई, काय चुकनं?”

“जास्त वाकतात म्हणे, अक्का.”

तिने माझ्याकडे बघितलं. “वाकस नही ती काडी कसानी? ती तं सळई शे.” एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

पुढच्या आठवड्यात आमचे खरेदीदार थॉमससाहेब आले. सत्तरीचे, उन्हाने लाल झालेले. सरांनी प्रेझेंटेशन सुरू केलं. तिसऱ्या स्लाइडला साहेबांनी इंग्रजीत विचारलं, “इथे जवळ पाणी कुठे आहे?”

अक्काच्या भावाचं, नानांचं, तासाभराच्या वाटेवर पारोळ्याजवळ शेततळं आहे. त्यात रोहू-कटला सोडलेले. आम्ही चौघं जीपने निघालो. सर, थॉमससाहेब, अक्का आणि मी. सरांनी कार्बनची काठी मांडीवर घेतली होती. साहेबांनी नापास ढिगातली एक उचलली होती; दोरी आणि खोटे किडे त्यांच्या बॅगेत होतेच. ढीग नापास आहे हे त्यांना माहीत नव्हतं. स्टिकर सजावटीचं वाटलं असावं.

नानांनी काठाशी भाकरीचा चुरा टाकला. मासे वर आले, अगदी पायाशी. सरांनी तोवर दोन व्हिडिओ बघितले होते. त्यांनी जोर लावून काठी फिरवली. दोरी मासे ओलांडून, तळं ओलांडून थेट पलीकडच्या लिंबाच्या झाडात गेली.

“लांबी बघितली?” सर म्हणाले.

“बठ्ठा मासा आठे शेतस, भाऊ,” नाना पायाशी बोट दाखवत म्हणाले. “तठे लिंबू शेतस.”

साहेबांनी चुऱ्यासारखा पांढरा किडा बांधला. काठी हलकेच मागे, मग पुढे. चार-पाच हातांवर किडा अलगद टेकला आणि एका कटल्याने तो गिळला. काठी मुठीपर्यंत कमान झाली.

“तुटली!” सर ओरडले.

तुटली नाही. मासा पळाला की ती वाकायची, दमला की त्याला हळूहळू ओढायची. किड्याजवळचा दोरा बारीक होता, पण धक्के सगळे काठीच खात होती. मोठा मासा काठाला आला. साहेब लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी तो पाण्यात सोडून दिला.

“सोडीच देना शे तं मंग धरतस कसाले?” नानांनी मला विचारलं.

तिकडे सरांनी काठी उभी धरून लिंबाला हिसका दिला. टोक कटकन गेलं. खरं सांगायचं तर तसा हिसका काचेच्या काठीनेही कदाचित सहन केला नसता. पण ती त्यांच्या हातात नव्हती.

साहेब म्हणाले, “कार्बनच्या चांगल्या काठ्या माझ्याकडे आहेत. समुद्रावर त्याच नेतो. ओढ्यावर ही नेतो. छोटा मासासुद्धा हाताला कळतो.” मग स्टिकरकडे बघून मला विचारलं, “हे काय?”

सर माझ्याकडे बघत होते. अक्काही.

“रिजेक्ट,” मी म्हणाले. “चुकीच्या मापाने मोजून मीच नापास केल्या. माप तुमच्या मंजूर सॅम्पलचं हवं होतं. काठ्या या अक्काने केल्यात.”

साहेबांनी काठी अक्काच्या हातात दिली आणि सरांना सांगितलं, “माझा माल या बाईंनीच करायचा. करारात लिहा.”

रिपोर्ट मी लेखी मागे घेतला. सेक्शन चालू राहिला. महिन्याभराने मालकांना सरांचा मेल गेला. विषय: ‘पारंपरिक ग्लास श्रेणी, माझी नवी स्ट्रॅटेजी’.

तेव्हापासून कोणी वस्तू नापास करायला सांगितलं, की ती कशासाठी आहे हे मी आधी विचारते. कामाला थोडा उशीर होतो. त्या वर्षी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये सरांनी माझ्याबद्दल एकच शेरा लिहिला होता: लवचिकपणा कमी.