रंगवलेले ठोकळे

बंदराच्या कचेरीत तिला सगळे मॉडेलबाई म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असे. समुद्रात उभे असलेले धक्क्याचे लोखंडी खांब कुठे, किती गंजतील हे ती कम्प्युटरवर काढायची. खांबांना जस्ताचे ठोकळे जोडलेले असतात. खारं पाणी आधी ठोकळे खातं, म्हणून खांब वाचतात. कुठला ठोकळा किती वर्षं पुरेल, ते तिचं मॉडेल सांगे. आठ वर्षं डोकं घासून तिनं ते उभं केलं होतं.

मागच्या वर्षी तीन खांब नवे बसवले. मॉडेल म्हणालं, खांब ठणठणीत. पाणबुड्यानं खाली जाऊन मापं घेतली, तर तिन्ही गंजत होते. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर ते मॉडेल गुंडाळून ठेवा."

तिनं पाण्याचा खारटपणा बदलून पाहिला, प्रवाह बदलून पाहिला. शेवटी वैतागून त्या खांबांचे ठोकळे मॉडेलमधून काढूनच टाकले, आणि पाणबुड्याची मापं तंतोतंत जुळली. म्हणजे ठोकळे जागेवर होते, पण काम करत नव्हते. का, ते मात्र कळेना. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशी गत.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "चिंगे, तोंड का पाडलंयस?" बाबा बंदरातले रंगारी. ते तीन खांब पाण्यात उतरण्याआधी त्यांनीच रंगवले होते, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात.

तिनं सांगितलं. ते दुखावलेच.

"माझ्या खांबांना गंज? बोटभर जागा सोडली नाही मी. ते ठोकळेसुद्धा रंगवले. उघडे किती भिकार दिसत होते."

तिचा घास हातातच राहिला. रंगाखालच्या ठोकळ्याला पाणी लागणार कसं? पण तिला रागावता येईना. ठोकळा कशासाठी असतो, हे चाळीस वर्षांत रंगाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं त्यांना आणखी भाकरी वाढली.

शुक्रवारी सकाळी अहवालात तिनं एवढंच लिहिलं: ठोकळ्यांवर रंग आढळला. मॉडेल बचावलं, बाबांचं नावही बचावलं. ती कचेरीला निघण्याआधी बाबांनी चष्मा लावून कागद वाचला.

"आढळला म्हणजे? समुद्रानं लावला का?"

मग तिला सगळं सांगावंच लागलं. बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"खरवडले की वाचतील हो खांब, बाबा. तुमचं नाव कशाला हवंय त्यात?"

"नाव घाल," ते म्हणाले. "आणि खाली अजून एक ओळ लिही. तेलाच्या धक्क्याचे बारा खांब. ते अजून कुणी तपासलेले नाहीत. तेही मीच रंगवलेत."