फळ्यावरची एक चूक

हे गेले त्या दिवशी गुरुवार होता. आमच्या घरी रविवारी सकाळी मुलांचा गणिताचा वर्ग भरत असे. त्या रविवारी तो भरला नाही.

परदेशातले गणिती यांच्या प्रमेयावर व्याख्यानं देत. कसबा पेठेत मात्र वाण्याकडे पिशवी विसरणारे गृहस्थ एवढीच यांची ख्याती होती. यांना दोन्हींचं सारखंच कौतुक.

वर्गाची रीत एकच. फळ्यावर मुद्दाम एक चूक करून ठेवायची आणि मुलांनी ती शोधायची. शोधणाऱ्याला यांच्या वाटणीची बाकरवडी. मी एकदा म्हटलं, "अहो, बरोबर ते शिकवा की मुलांना."

"बरोबर ते पुस्तकांत असतं. ती तू सांभाळतेसच."

मी ग्रंथपाल होते. हा टोमणा मला निवृत्तीपर्यंत पुरला.

महिन्याभरानं मुलं पुन्हा दारात उभी राहिली. मला गणित येत नाही. तेव्हा आज शेवटचं बसवायचं आणि जाताना सांगायचं, यापुढे येऊ नका, असं मी ठरवलं. यांच्या वहीतलं एक पान फळ्यावर उतरवून काढलं: कुठलीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर एक्केचाळीस मिळवा, उत्तर नेहमी मूळ संख्याच येते. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. यात चूक कुठे, ते वहीत नव्हतं. ते यांच्या डोक्यात असे.

मुलं एक, दोन, तीन असे आकडे घालू लागली. त्रेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न. सगळ्या मूळ संख्या. पंधरापर्यंत आल्यावर खराडीहून येणारा मुलगा म्हणाला, "काकू, सर चूक करायला विसरले."

"सर पिशवी विसरायचे. चूक नाही."

म्हटलं खरं, पण उतरवताना मीच घोळ घातला असेल तर? शेवटचा वर्ग, आणि तोही फुकट जायचा.

वाघोलीहून दोन बस बदलून येणाऱ्या नववीतल्या मुलीची वही कोरी होती.

"तू काय करतेयस गं?"

"बघतेय, काकू." मग जरा वेळानं, "एक्केचाळीसच घाला ना. तिन्ही तुकड्यांना एक्केचाळीसनं भाग जातो. मग बेरजेलाही जाणार."

खराडीकरानं पेन्सिल खाली ठेवली. "मी तिथवर पोचणारच होतो."

"पोच की. पंधरावर आहेस ना?" ती म्हणाली.

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं खडू घेतला आणि बालवाडीतल्या पोराला समजवावं तसं मला समजावलं. इतकी वर्षं त्या फळ्यासमोरून मी चहाचे कप घेऊन गेले. त्यावरचं काही मला कळलं ते त्या दिवशी. मला हसू आलं. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

बाकरवडी खात ती चपला शोधू लागली. "काकू, पुढच्या रविवारी पुढचं पान ना?"

सांगायचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. मी म्हटलं, "नऊला ये. उशीर केलास तर फळा पुसून टाकीन."

आता वर्ग दर रविवारी भरतो. सात मुलं येतात. चूक कुठे आहे, ते आमच्यापैकी कोणालाच आधी ठाऊक नसतं.